क्रूझचा बुफे आणि ग्लुटेन फ्री: पाटी वाचा, पण आधी चमचा बघा

बुफेतल्या ट्रेपुढे 'ग्लुटेन फ्री' अशी पाटी असते ना, ती पदार्थाबद्दल असते, त्यात खुपसलेल्या चमच्याबद्दल काही सांगत नाही. एवढं डोक्यात बसलं की क्रूझवरचं निम्मं खाणं सोपं होतं, उरलेल्या निम्म्यासाठी ही लांबलचक पोस्ट, कारण ओळखीतलं कोणी क्रूझला निघालं आणि घरात कोणाला सिलिअ‍ॅक असेल तर मला मेसेज येतोच, "तू तिकडे खाल्लंस काय गं?" दर वेळी तेच तेच टाइप करून कंटाळा आला, आता लिंक पाठवेन.

आधी एक सांगते. मला सिलिअ‍ॅक आहे, म्हणजे पोट जड वाटतं म्हणून पोळी-पाव सोडलाय असं नाही, तर गहू, बार्ली, राय यातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की माझीच इम्युनिटी माझ्या लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. ग्लुटेन फ्री लिहिण्यासाठी बऱ्याच देशांत जी मर्यादा आहे ती 20 पीपीएमची, म्हणजे किलोभर पदार्थात 20 मिलिग्रॅम. आणि दिवसभरात सगळं मिळून साधारण 10 मिलिग्रॅमच्या आत राहिलं तर बहुतेक सिलिअ‍ॅकवाल्यांचं आतडं ठीक राहतं असं धरलं जातं. आता ब्रेडच्या एका साध्या स्लाइसमध्ये 2 ग्रॅमच्या आसपास ग्लुटेन असतं, करा हिशोब, स्लाइसचा दोनशेवा भाग म्हणजे जो चुरा आपण टेबलावरून हाताने झटकून टाकतो तेवढाच. तुम्ही नुसतं बरं वाटतं म्हणून ग्लुटेन टाळत असाल तर खालचं निम्मं तुम्हाला लागू नाही, पाट्या वाचा, खा, मजा करा. बाकीच्यांनी पुढे वाचा.

जहाजावर फुकटात, म्हणजे तिकिटात धरलेलं जेवण साधारण दोन ठिकाणी मिळतं. एक मेन डायनिंग रूम, तिथे टेबलावर वाढतात, मेन्यू कार्ड असतं, वेटर ठरलेला असतो. दुसरा बुफे, वरच्या डेकवर स्विमिंग पूलच्या जवळपास, सकाळपासून रात्रीपर्यंत जवळजवळ कायम चालू. रॉयल कॅरिबियनवर त्याला विंडजॅमर म्हणतात, कार्निव्हलवर लिडो, नॉर्वेजियनवर गार्डन कॅफे, नावं वेगळी पण आत गेल्यावर चित्र तेच. पहिल्या जागी किचनमध्ये कोणीतरी एक माणूस तुमची प्लेट तुमच्यासाठी वेगळी बनवतो. दुसऱ्या जागी हजारो लोक एकाच ट्रेमध्ये हात घालतात. म्हणून माझं सरळ मत आहे की सिलिअ‍ॅक असेल तर मुख्य जेवण डायनिंग रूममध्ये करा आणि बुफे वरखर्चाला ठेवा. पण बुफे पूर्ण टाळता येत नाही, आणि खरं सांगायचं तर टाळावासा पण वाटत नाही, काचेपलीकडे समुद्र आणि हातात कॉफी, त्यासाठीच तर पैसे भरलेत.

टाळता येत नाही याचं कारण म्हणजे जहाज बंदरात असतं त्या दिवशी बऱ्याच जहाजांवर डायनिंग रूम दुपारी बंद असते, सगळे फिरायला गेलेले असतात ना. मग तुम्ही भुकेले परत आलात की समोर बुफेच. आणि दुसरं म्हणजे पहिला दिवस. बोर्डिंग झालं की केबिन तयार नसतात, त्यामुळे अख्खं जहाज बॅगा खांद्याला लावून बुफेत घुसतं, ती दुपार म्हणजे नुसता गोंधळ, सगळ्यांना भूक लागलेली, पोरं पळतायत, चमचे या ट्रेतून त्या ट्रेत. त्या वेळी मी बुफेत पाऊलच टाकत नाही. काही जहाजांवर पहिल्या दुपारी डायनिंग रूम पण उघडी असते, फक्त गाजावाजा करत नाहीत, बोर्डिंगच्या वेळी कोणालाही विचारा. तिथे निवांत जेवायचं आणि जेवता जेवता हेड वेटरला गाठायचं, एका दगडात दोन पक्षी.

आता चमच्यावर येते. सॅलड बार घ्या, वरवर बघितलं तर आपल्यासाठी स्वर्गच, काकडी, टोमॅटो, ऑलिव्ह, उकडलेलं बीट, सगळं ग्लुटेन फ्री. पण त्याच रांगेत, बहुतेक वेळा अगदी मधोमध, क्रूटॉनचा वाडगा असतो, म्हणजे तुपात-तेलात परतलेले ब्रेडचे चौकोनी तुकडे. मी एकदा प्लेट हातात घेऊन नुसती बघत उभी राहिले. एका काकांनी चिमट्याने क्रूटॉन घेतले, चिमटा हातातच, तोच चिमटा ऑलिव्हमध्ये, मग तोच चीजच्या किसात, आणि शेवटी तो चिमटा काकडीच्या ट्रेमध्ये ठेवून काका निघून गेले. काकडीवर दोन-तीन सोनेरी कण पडलेले अगदी स्पष्ट दिसत होते. काकांचा काही दोष नाही हो, त्यांनी सॅलड घेतलं, बाकी जगासाठी त्यात काही चुकीचं नाही. पण पाच मिनिटांत तो ट्रे माझ्यासाठी संपला, आणि पाटीवर मात्र काय लिहिलेलं असतं ते तसंच राहतं.

म्हणून बुफेत शिरल्यावर आधी एक मोकळी चक्कर मारायची, प्लेट न घेता. कशाच्या शेजारी काय ठेवलंय ते बघायचं, ब्रेड कुठे आहे, पास्ता कुठे आहे, वरच्या फळीवर काय आहे कारण वरचा चुरा खालीच पडणार. ज्या ट्रेपर्यंत पोचायला लोकांना दुसऱ्या ट्रेवरून हात न्यावा लागतो तो ट्रे विसरा. आणि वेळ साधायची. बुफे उघडतो त्या क्षणी गेलात तर ट्रे नवे, चमचे नवे, कोणाचा हात लागलेला नाही. गर्दीच्या वेळी गेलातच तर काउंटरमागच्या माणसाला सांगा की मला आतून, नव्या ट्रेमधून द्या. देतात, कुरकुर न करता देतात, हा माझा अनुभव चांगला आहे. फक्त मागायला लाजू नका, मागे रांग खोळंबली तरी खोळंबू द्या.

सगळ्यात भरवशाचं काय, तर जे सालासकट, टरफलासकट किंवा पॅकबंद येतं ते. केळी, संत्री, टरफलासकट उकडलेली अंडी, सीलबंद दह्याचे कप, चांदीच्या कागदातलं बटर, जॅमच्या छोट्या बरण्या. मोठ्या वाडग्यातलं बटर आणि जॅम नको, त्यात टोस्टला लागलेल्या सुऱ्या बुडवलेल्या असतात. आणि टोस्टर? जहाजांवर तो सरकत्या जाळीचा टोस्टर असतो, एका बाजूने ब्रेड टाकायचा दुसऱ्या बाजूने टोस्ट पडतो, त्या जाळीतून दिवसभर गव्हाचा ब्रेड फिरतो, तुमचा ग्लुटेन फ्री ब्रेड त्यात टाकलात की विषय संपला. एका जहाजावर, नाव नाही घेत, बुफेत खास ग्लुटेन फ्री कोपरा होता, सुंदर बोर्ड, वेगळी टोपली, ब्रेड पण चांगला, आणि टोपलीत चिमटाच नाही. लोक शेजारच्या क्रोसाँच्या टोपलीतला चिमटा आणून वापरत होते. आणि त्या कोपऱ्यासाठी टोस्टर? सगळ्यांचा तोच. मी सांगितल्यावर चिमटा आला, दुसऱ्या दिवशी परत गायब. कोपरा करणाऱ्याने मनापासून केला असेल पण तो सांभाळणारं कोणी नव्हतं.

सकाळचा ऑम्लेट काउंटर हा माझा आवडता आणि त्यामुळेच मी त्याच्याबद्दल जरा जास्त चिकित्सक आहे. तिथे एक शेफ चार-पाच पॅन एकदम फिरवत असतो. त्याच्या बाजूला फेटलेल्या अंड्याचा मोठा जग असतो, त्यातून पळीने ओततो. त्या जगात काय आहे हे विचारायचं, कारण काही किचनमध्ये अंडं फुगून यावं म्हणून पॅनकेकचं पीठ मिसळायची पद्धत आहे, सगळीकडे असते असं नाही पण असते. आणि मोठ्या ट्रेमध्ये पिवळं पिवळं स्क्रॅम्बल्ड एग असतं ते तर मी विचारल्याशिवाय घेतच नाही. दुसरं, पॅन बघायचा. पॅनकेक आणि फ्रेंच टोस्ट ज्या तव्यावर होतात त्याच तव्यावर काही ठिकाणी अंडी पण टाकतात. मी ठरलेलं वाक्य म्हणते, कवचातली दोन अंडी फोडून, धुतलेल्या पॅनमध्ये, माझ्यासाठी वेगळं कराल का. बहुतेक शेफ लगेच मान हलवतो, पॅन बदलतो, हातमोजे पण बदलतो. आणि एकदा एका शेफने सरळ सांगितलं, मॅडम आत्ता इथे नको, खूप गर्दी आहे, सगळं उडतंय, तुम्ही खाली डायनिंग रूममध्ये घ्या. मला त्याचा इतका आदर वाटला की मी पूर्ण ट्रिपभर रोज त्यालाच जाऊन विचारायचे, आज काय घेऊ.

यावरून आठवलं, विचारायचं कसं हे महत्त्वाचं आहे. "हे ग्लुटेन फ्री आहे का?" असं विचारलं की समोरच्याला हो किंवा नाही एवढंच म्हणायचं असतं, आणि पाहुण्याला खूश ठेवायची सवय लागलेला माणूस हो म्हणायचीच शक्यता जास्त. त्यापेक्षा विचारा, यात काय काय आहे, सॉस कशाने घट्ट केलाय, यात सोया सॉस आहे का. जहाजावरची मंडळी वेगवेगळ्या देशांची, इंग्रजी त्यांची पण दुसरी-तिसरी भाषा, आपली पण, मग मैदा, ब्रेड, पास्ता, सोया सॉस, बिअर असे साधे शब्द वापरायचे. जो "थांबा, विचारून येतो" म्हणतो त्याच्यावर विश्वास ठेवा. जो ट्रेकडे न बघता "हो हो, नो प्रॉब्लेम" म्हणतो तिथून काढता पाय घ्या.

लपलेल्या ग्लुटेनची यादी लांब आहे, मी फक्त बुफेत हमखास भेटणारं सांगते. सूप आणि ग्रेव्ही, कारण घट्टपणा मैद्याचा असतो, आणि स्वच्छ दिसणाऱ्या सूपमध्ये पण तळाशी बार्लीचे दाणे निघतात. सोया सॉस, नेहमीचा सोया सॉस गव्हापासूनच बनतो, म्हणजे सगळं स्टर फ्राय गेलं, आणि मॅरिनेट केलेलं ग्रिल्ड चिकन पण विचारल्याशिवाय नाही. सॉसेज आणि मीटबॉलमध्ये ब्रेडचा चुरा भरतात. सॅलडमध्ये आणि सुशीत जे खेकड्याचं मांस म्हणून असतं, लाल कडेचं, ते बहुतेक वेळा माशाच्या लगद्याचं असतं आणि त्यात गव्हाचा स्टार्च असतो, ह्याचा पत्ताच लागत नाही. कॉर्नफ्लेक्स मक्याचे असले तरी बऱ्याच ब्रँडमध्ये चवीला बार्ली माल्ट असतं. ओट्स मुळात चालू शकतात पण साधे ओट्स शेतापासून गिरणीपर्यंत गव्हाच्या संगतीत वाढलेले असतात, पाकिटावर ग्लुटेन फ्री लिहिलेलं असेल तरच. फ्रेंच फ्राइज म्हणजे नुसता बटाटा आणि तेल, पण त्याच तेलात ब्रेड क्रम्ब्स लावलेलं चिकन आणि कांद्याच्या रिंगा तळल्या की संपलं. ग्लुटेन उष्णतेने मरत नाही, तो काही जंतू नाहीये, तेल कितीही कडकडीत तापलेलं असो.

भाजलेल्या मांसाचा काउंटर, जिथे शेफ समोर सुरीने कापून देतो, तो त्या मानाने बरा. रोस्ट स्वतः बहुतेक वेळा साधाच असतो, फक्त त्याच फळीवर आधी पेस्ट्रीत गुंडाळलेलं काही कापलंय का ते बघायचं आणि वरचा रस्सा नको म्हणायचं. आइस्क्रीमचं विचाराल तर स्कूप सगळे एकाच पाण्याच्या भांड्यात बुडवतात, बिस्किटवाल्या फ्लेवरचा पण आणि व्हॅनिलाचा पण, नवा डबा आणि धुतलेला स्कूप मागायचा. आणि चॉकलेटचं कारंजं ठेवतात त्याच्याकडे बघायचं सुद्धा नाही, लोक त्यात केक बुडवतात.

एक गंमत सांगते. बुफेच्या दारात एक जण हात जोडल्यासारखा सॅनिटायझरची बाटली घेऊन उभा असतो, गाणं म्हणत, प्रत्येकाच्या हातावर फवारा. चांगलं आहे, पण सॅनिटायझरने ग्लुटेन जात नाही, ते जंतूंसाठी आहे, आणि जहाजांवरचा जो कुप्रसिद्ध नोरोव्हायरस, म्हणजे उलट्या-जुलाबांचा विषाणू, त्याच्यावर पण अल्कोहोलवाला सॅनिटायझर फारसा चालत नाही. साबण आणि पाणी, दोन्हींसाठी तेच. बुफेबाहेर बहुतेक बेसिन असतंच, लोक त्याच्यासमोरून निघून जातात.

नोरोव्हायरस निघालाच आहे तर त्याचे दोन मुद्दे, आणि हे कोणी सांगत नाही. पहिला आपल्या फायद्याचा. काही जहाजं पहिले एक-दोन दिवस, किंवा पोटाचे पेशंट वाढले की, सेल्फ सर्व्हिस बंद करतात, कर्मचारीच वाढतात. बाकीचे वैतागतात, मी मात्र खूश, कारण चमचा एकाच माणसाच्या हातात असतो आणि तो त्याच ट्रेत परत जातो. दुसरा मुद्दा तोट्याचा. चुकून ग्लुटेन गेलं तर आपल्याला जे होतं, म्हणजे उलट्या, जुलाब, पोटात पिळवटणं, ते आणि नोरोव्हायरस बाहेरून अगदी सारखंच दिसतं. अमेरिकेच्या बंदरांत जाणाऱ्या जहाजांवर तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या नियमांप्रमाणे 24 तासांत तीन किंवा जास्त जुलाब झालेला माणूस मेडिकल सेंटरच्या नोंदीत जातो, आणि नोंदीत गेलात की साधारण केबिनमध्ये बंद, लक्षणं थांबल्यावरही दिवसभर तरी. म्हणजे एका क्रूटॉनपायी बंदर हुकलं. म्हणून डॉक्टरांचं सिलिअ‍ॅकचं पत्र सोबत ठेवा, आणि जहाजाच्या डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगा. लपवू मात्र नका, सिलिअ‍ॅकवाल्यांनाही नोरोव्हायरस होतो, आणि तुम्ही तो इतरांना वाटत फिरलात तर ते फार वाईट.

आता बुफेच्या आधीची तयारी, थोडक्यात. बुकिंग करताना ग्लुटेन फ्री लिहा आणि निघायच्या आधी एकदा ईमेल करून पक्कं करा. नुसतं लिहून भागत नाही, जहाजावर गेल्यावर ते कागद कोणाकडे पोचलेत देव जाणे, पहिल्या संध्याकाळी हेड वेटरला प्रत्यक्ष भेटा. बहुतेक जहाजांवर पद्धत अशी की रात्रीच्या जेवणानंतर तो दुसऱ्या दिवशीचा मेन्यू आणून दाखवतो, तुम्ही निवडता, किचन तसं वेगळं बनवतं. इथे एक युक्ती आहे: त्याला तेव्हाच सांगायचं की उद्या आम्ही बंदरात आहोत, दुपारी बुफेत येऊ, तिथे माझ्यासाठी काही वेगळं झाकून ठेवता येईल का. सगळीकडे जमत नाही, पण जिथे जमतं तिथे बुफेच्या काउंटरवर केबिन नंबर सांगितला की आतून झाकलेली प्लेट येते, आजूबाजूचे लोक बघत राहतात, कोण ही व्हीआयपी.

सोबत सीलबंद खाऊ न्यायला बहुतेक क्रूझ कंपन्या हरकत घेत नाहीत, घरी बनवलेलं मात्र चालत नाही. छोटा टोस्टर किंवा किटली न्यायचा विचार असेल तर सोडा, आगीच्या भीतीने असल्या वस्तू बोर्डिंगलाच काढून घेतात.

शेवटची सकाळ विसरू नका. बाकी सगळ्या दिवसांचं प्लॅनिंग होतं आणि त्या दिवशी बोंब होते, कारण हेड वेटर आवराआवरीत, डायनिंग रूम लवकर बंद, बॅगा रात्रीच गेलेल्या आणि त्यात तुमचा खाऊ पण गेलेला, आणि बुफे पहिल्या दिवसापेक्षा वाईट. आदल्या रात्रीच पाकीटबंद काहीतरी हँडबॅगेत टाकायचं, बुफेतून दोन केळी केबिनमध्ये आणून ठेवायची. आणि ती केळी उतरायच्या आधी संपवायची हं, बऱ्याच देशांत जहाजावरचं फळ बाहेर न्यायला बंदी असते, कस्टम्सवाला दंड लावताना तुमचं सिलिअ‍ॅकचं पत्र वाचत बसत नाही.